नॉब कोण फिरवतं? सिनॅप्सचं चालतं मॉडेल बनवतानाच्या नोंदी

१९ एप्रिल

मी नागपुरात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, इलेक्ट्रॉनिक्सशी माझा आजवर काही संबंध नव्हता. या नोंदी ठेवतेय कारण असं मॉडेल मला तयार कुठे मिळालं नाही, आणि दुसऱ्या कोणी हेच करायला घेतलं तर त्यांचे माझ्याएवढे दिवस आणि पैसे वाया जाऊ नयेत.

फेब्रुवारीतली गोष्ट. शिकताना दोन न्यूरॉनमधला (चेतापेशींमधला) जोड, म्हणजे सिनॅप्स, पक्का होतो हे दाखवायला मी पुठ्ठ्यावर बॅटरी, बल्ब आणि मधे एक नॉब असं लावून नेलं होतं. नॉब थोडा फिरवला की बल्ब मिणमिणतो, जास्त फिरवला की लख्ख पेटतो. बघा, म्हटलं, जोड पक्का झाला. तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पण डोक्यात नॉब कोण फिरवतं?"

प्रश्न एकदम बरोबर होता आणि माझं मॉडेल त्या प्रश्नापुढे टिकत नव्हतं. खरं तर सगळी गंमत तिथेच आहे. बाहेरून कोणीच फिरवत नाही, जोडातून काय गेलं आणि पलीकडची पेशी त्याच वेळी पेटली (उत्तेजित झाली) का, यावरून जोड स्वतःच बदलतो. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये हेच मांडलं होतं, की एक पेशी दुसरीला पेटवण्यात पुन्हा पुन्हा हातभार लावत राहिली तर त्या दोघींमध्ये असा काही बदल होतो की पुढे ते काम सोपं होतं. मला हे मुलांच्या बोटाखाली घडताना दाखवायचंय, नॉबशिवाय.

आराखडा असा. डावीकडे चार बटणं, म्हणजे चार पेशी, नावं जेवण, घंटा, दिवा, वास. उजवीकडे एक मोठी पेशी, ती पेटली की मोठा एलईडी लागतो आणि बझर वाजतो. जेवणाचा जोड पहिल्यापासून पक्का, बाकी तिघांचे कच्चे. घंटा आणि जेवण सोबत दाबत गेलं की काही वेळाने नुसत्या घंटेवर मोठी पेशी पेटली पाहिजे. बदलणारा प्रत्येक जोड म्हणजे सहा पिवळ्या एलईडींची ओळ, जोड जेवढा पक्का तेवढी ओळ उजळ.

२२ एप्रिल

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) गेले, मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये. सोबत बहिणीचा मुलगा, पॉलिटेक्निकला आहे, तो नसता तर मी दुकानातूनच परत आले असते. आपण यादीत रेझिस्टर, कपॅसिटर लिहून नेतो, काउंटरवर मात्र रेझिस्टन्स आणि कंडेन्सर म्हणावं लागतं, मग पटकन समजतं.

खर्च: आर्डुइनो उनोचा (प्रोग्राम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड) लोकल बोर्ड ५५०, ब्रेडबोर्ड ९०, एलईडी तीस नग ६०, ३३० ओहमचे रेझिस्टन्स ३०, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर पाच नग १५, मोठी बटणं चार १८०, पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न २२०, सोल्डर वायर १२०, साधी वायर १५०, बझर ३०, पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर २००. एकूण १६४५. बटणं स्वस्तातली छोटी घेऊ नका. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात मुलं बटणं कशी बडवतात ते मी दरवर्षी ट्रिपला बघते, म्हणून मोठीच घेतली आणि ते बरं झालं.

ट्रान्झिस्टर कशाला, तर बोर्डाच्या एका पिनवर सहा एलईडी थेट लावले की पिनवर फार लोड येतो. मी आधी थेटच लावणार होते, भाच्याने थांबवलं.

२५ एप्रिल

दोन दिवस फक्त सोल्डरिंग. पहिल्या दिवशीचे बहुतेक सगळे टाके कच्चे निघाले, वरून गोळी दिसते छान, पण वायर ओढली की हातात येते. मी आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून ते खाली थेंबासारखं सोडत होते. तसं नाही करायचं. आधी वायर आणि पाय दोन्ही गरम करायचे, मग सोल्डर त्यांना लावायचं म्हणजे ते आपोआप आत ओढलं जातं, टाका पसरट आणि चकचकीत दिसतो. हे वाक्य मला पहिल्या दिवशीही पाठ होतं, हाताला ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. अठरा एलईडी पुन्हा काढून लावले, दोन जळाले.

३० एप्रिल

पहिला प्रोग्राम चालला. प्रत्येक जोडाला एक आकडा, ० ते २५५. घंटा, दिवा, वास यांची सुरुवात ३० वर, जेवण कायम २००. दाबलेल्या बटणांची बेरीज १५० किंवा वर गेली की मोठी पेशी पेटते. बटण दाबलं की त्या जोडाचा आकडा १५ ने वाढतो.

शेजारचा सहावीतला मुलगा आला, त्याने नुसती घंटा दणादण दाबली आणि जेवणाला हातही न लावता नवव्या दाबण्याला मोठा दिवा लागला. "काकू, झालं ना?" म्हणे. झालं नव्हतं. मी चुकीची गोष्ट बनवली होती, वापरलं की पक्कं होतं अशी, व्यायाम केला की दंड फुगतात तशी. बरीच मुलं सिनॅप्सबद्दल हेच समजून बसलेली असतात, आणि माझा प्रोग्राम त्यांचीच चूक पाठ करून दाखवत होता.

मेंदूत दोन्ही पेशी एकाच वेळी चालल्या पाहिजेत ही अट पाळणारी वस्तू खरीच आहे, एनएमडीए रिसेप्टर (पलीकडच्या पेशीवरचं, संदेशाचं रसायन पकडणारं प्रोटीन). अलीकडच्या पेशीने ग्लुटामेट (ते संदेशाचं रसायन) सोडलं तरी या रिसेप्टरच्या भोकात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. पलीकडची पेशी आधीच बऱ्यापैकी उत्तेजित असेल तरच ते बूच उडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. म्हणजे दोन कुलपं, एक अलीकडच्या पेशीचं आणि एक पलीकडच्या पेशीचं, दोन्ही एकाच वेळी उघडली पाहिजेत. आत गेलेलं कॅल्शियम पुढचं काम सुरू करतं आणि शेवटी त्या जागी एएमपीए नावाचे जास्तीचे रिसेप्टर येऊन बसतात, म्हणून पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटवर मोठा परिणाम होतो. त्या मुलीला मी सांगेन, नॉब फिरवणारे हे आहेत.

प्रोग्राम बदलला. आता ४०० मिलिसेकंदांच्या आत बटणही दाबलेलं असेल आणि मोठी पेशीही पेटली असेल तरच १५ वाढतात. खऱ्या पेशींमध्ये हा हिशोब दहा-वीस मिलिसेकंदांचा असतो, पण मुलांची बोटं तेवढी नेमकी पडत नाहीत. मी आधी १०० ठेवले होते, दोन बटणं सोबत दाबूनही अर्ध्या वेळा चुकत होतं. घंटा अधिक जेवण आठ वेळा, ३० चे १५० झाले, आणि मग नुसत्या घंटेवर मोठा दिवा लागला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी सगळ्यांना उठवून दाखवलं.

४ मे

तीन दिवस एका फालतू गोष्टीत गेले. बझर वाजला की घंटेची ओळ वेडीवाकडी व्हायची, मधेच अंधुक, मधेच बंद. मी आधी टाक्यांवर संशय घेतला, सगळे पुन्हा गरम केले. मग ट्रान्झिस्टर बदलला. मग अ‍ॅडॉप्टर. शेवटी भाच्याने फोनवर विचारलं, "मावशी, ओळ कोणत्या पिनवर आहे?" तीन नंबर. उनोमध्ये बझरसाठीची टोनची कमांड जो टायमर वापरते, त्याच टायमरवर ३ आणि ११ नंबरच्या पिनांचं अंधुक-उजळ करणं चालतं. दोन्ही सोबत जमत नाही. ओळी ६, ९ आणि १० वर नेल्या, पाच मिनिटांचं काम. तुम्ही पहिल्यापासून ६, ९, १० च घ्या.

दुसरं एक, आकडा ८० झाला की ओळ डोळ्याला जवळपास पूर्ण उजळ वाटते, पुढचा फरक दिसतच नाही. म्हणून आकड्याचा वर्ग करून २५५ ने भागून तो पिनला दिला. आता चढत जाणारी ओळ दिसते.

९ मे

घंटा आपोआप शिकून राहिली. मी शपथेवर सांगते कोणी हात लावला नव्हता. सकाळी बघावं तर आकडा ९०, दुपारी १५०. मग लक्षात आलं की कूलरचं बटण दाबलं की मोठा दिवा एकदा लुकलुकतो. बाहेर ४४ डिग्री, कूलर बंद ठेवून तर काम होणार नाही.

चूक माझी. बटणांच्या वायरी मी मीटरभर लांब ठेवल्या होत्या आणि इनपुट पिना मोकळ्याच सोडल्या होत्या, म्हणजे बटण दाबलेलं नसताना पिन कुठेच बांधलेली नाही, अँटेनासारखी काहीही पकडते. कूलरची मोटर सुरू होताना जो झटका येतो तो तिला बटण दाबल्यासारखा वाटतो. उपाय, बोर्डाच्या आतलाच पुलअप (मोकळी पिन पाच व्होल्टला बांधून ठेवणारा रेझिस्टन्स) सुरू केला, बटण ग्राउंडला जोडलं, वायरी वीतभर केल्या आणि पीळ घालून आणल्या, प्रत्येक बटणाला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर लावला. आता कूलर दहा वेळा चालू-बंद केला तरी काही होत नाही. जादा खर्च ७० रुपये, त्यात दोन नवे एलईडी आले.

१३ मे

हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस म्हणून सविस्तर लिहिते.

घंटा शिकली की काय होतं बघा. तिचा आकडा १५० झाला, म्हणजे ती एकटीच मोठ्या पेशीला पेटवते. पेशी पेटली, बटणही दाबलेलं आहे, अट पूर्ण, आणखी १५. पुढच्या वेळी आणखी १५. ती स्वतःलाच शिकवत २५५ ला जाऊन बसते. मग कोणी घंटा आणि दिवा सोबत दाबलं तर दिवाही शिकतो, मग वास. शेजारचा मुलगा आणि त्याची बहीण पंधरा मिनिटं खेळले आणि तिन्ही ओळी लखलखीत, काहीही दाबा, मोठा दिवा लागतो. सगळं शिकलेलं मॉडेल आणि काहीच न शिकलेलं मॉडेल यात काही फरक राहिला नाही. घंटा म्हणजे जेवण ही गोष्ट त्यातून पुसलीच गेली, कारण आता सगळंच म्हणजे जेवण.

माझा पहिला उपाय, दर मिनिटाला प्रत्येक आकडा एकाने कमी. तोही चुकला. दुपारी शिकवलेली घंटा चहा पिऊन येईपर्यंत विसरायला लागली, तिला कोणी हात न लावताही. वेग कमी केला तर खेळणारी पोरं पुन्हा सगळं भरून टाकतात. असा कुठलाच वेग सापडला नाही जो दोन्हीकडून बरोबर असेल. दीड दिवस मी आकडे बदलत बसले.

मग पुस्तकांकडे परत गेले. पक्कं होण्याइतकंच कच्चं होणंही मेंदूत ठरवून होतं. हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाच्या) कापांमध्ये सेकंदाला शंभर अशा वेगाने झटके दिले की जोड पक्का होतो, आणि सेकंदाला एक असे ९०० दिले तर तोच जोड कच्चा होतो, हे ड्यूडेक आणि बेअर यांनी १९९२ मध्ये दाखवलं. आणि दोन्हीकडे आत जाणारं ते कॅल्शियमच. भरपूर आणि झपकन गेलं तर पक्कं करणारी एन्झाइम्स जागी होतात, थोडं थोडं आणि बराच वेळ गेलं तर कच्चं करणारी. हे मी वर्गात दहा वर्षं सांगत आले असेन, पण असं का असावं ते मला तिन्ही ओळी पेटलेल्या बघेपर्यंत खऱ्या अर्थाने कळलं नव्हतं.

तेच प्रोग्रामात घातलं. एक ऐवजी दोन हद्दी. दाबलेल्या बटणांची बेरीज ६० च्या खाली असेल तर काहीच बदल नाही. ६० ते २२० मध्ये असेल तर दाबलेला जोड ४ ने कच्चा. २२० च्या वर असेल तरच १५ ने पक्का. जेवण बदलत नाही. कमाल आकडा २५५ ऐवजी १८०.

आता ३० ची घंटा अधिक २०० चं जेवण म्हणजे २३०, पक्की होते. शिकलेली घंटा एकटी म्हणजे जास्तीत जास्त १८०, पेशी पेटते पण जोड थोडा उतरतो. पूर्ण भरलेली घंटा जेवणाशिवाय दाबत राहिलं तर नवव्या वेळी मोठा दिवा लागत नाही. अन्नाची खूण मिळताच लाळ गाळायला शिकलेल्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्याचंही असंच व्हायचं, नुसती खूण देत राहिलं आणि अन्न दिलं नाही की लाळ कमी होत जायची, पण मी हे मुद्दाम घातलं नव्हतं, दोन हद्दी टाकल्या आणि ते आपसूक आलं. अजून एक, उतरलेली घंटा ५०-६० च्या मधे कुठेतरी थांबते, ३० ला परत जात नाही, म्हणून दुसऱ्यांदा शिकवायला आठऐवजी सातच वेळा लागतात. फरक छोटा आहे पण मुलांना मोजायला सांगण्यासारखा आहे, कारण मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विसरणं मोजलं ते असंच, दुसऱ्यांदा पाठ करायला किती कष्ट वाचले त्यावरून.

१८ मे

लाईट गेली. आली तेव्हा तिन्ही आकडे पुन्हा ३०. सकाळभर शिकवलेलं सगळं गेलं.

बोर्डावर ईईप्रॉम नावाची कायमची जागा असते, १०२४ बाइट. आकडे तिथे लिहायचे. मी लिहिलेही, पण प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीत, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा. भाच्याने कोड बघितला आणि म्हणाला, "मावशी, तू चिपच मारून राहिली." त्या जागेवर साधारण एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते, माझ्या वेगाने ते अर्ध्या तासात संपलं असतं. तेव्हा बोर्ड सुरू करून वीसेक मिनिटं झाली होती, वाचला. आता शेवटचं बटण दाबून दहा सेकंद शांततेत गेले की मगच लिहितो, तेही आकडा बदलला असेल तरच.

मुलांना दाखवायला ही चूक फार कामाची आहे. पेशीलाही प्रत्येक बदल कायमचा करणं परवडत नाही. जोड पक्का होण्याचा पहिला टप्पा आहे त्याच प्रोटीनांवर चालतो आणि काही तासांत ओसरू शकतो. टिकायचं असेल तर नवीन प्रोटीन तयार व्हावी लागतात, ते औषधाने अडवलं तर सुरुवातीचा पक्केपणा दिसतो पण टिकत नाही. ऑस्लोला ब्लिस आणि लोमो यांनी भूल दिलेल्या सशांवर हा परिणाम मोजून १९७३ मध्ये छापला, तेव्हा तो अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत टिकलेला त्यांना दिसला. लाईट गेल्यावर पुसलं जाणारं आणि राहणारं असे दोन्ही मोड मी ठेवलेत, मागे एक छोटा स्विच आहे.

२१ मे

मॉडेल अ‍ॅक्टिवाच्या डिकीत ठेवून मैत्रिणीला दाखवायला घेऊन गेले, पोचेपर्यंत ग्लू गनने चिकटवलेलं सगळं सुटून एका कोपऱ्यात गोळा झालं होतं. मे महिन्यात नागपुरात ग्लू गनवर भरवसा ठेवू नका. प्लायला भोकं पाडली, बोर्ड स्क्रू आणि स्पेसरवर बसवला, ८५ रुपये. प्लाय आणि वरची छापील शीट ५२०.

२७ मे

सुट्टीतल्या बॅचच्या अकरा मुलांना दाखवलं. नॉबचा प्रश्न विचारणारी मुलगीही होती, तिच्याच हातात दिलं. तिने काही न बोलता घंटा आणि जेवण आठ वेळा दाबलं, मग जेवणावरचा हात उचलून पाठीमागे धरला आणि नुसती घंटा दाबली. मोठा दिवा लागला. तिने पुन्हा दाबली. मग बोर्ड उलटा करून खाली बघितलं, नॉब आहे का म्हणून. नंतर स्वतःच दिवा आणि घंटा सोबत दाबून बघितलं, दिवा शिकत नाही हे तिला लगेच दिसलं, आणि का नाही ते तिने बाकीच्यांना समजावलं, मला तोंड उघडावं लागलं नाही.

एकाने विचारलं, मग एक आठवण म्हणजे एक वायर का? नाही, आणि हे स्पष्ट सांगायलाच हवं. माझ्याकडे तीन बदलते जोड आहेत, माणसाच्या मेंदूत साधारण ८६०० कोटी न्यूरॉन आणि एकेकाला हजारो जोड. आठवण त्यातल्या पुष्कळ जोडांवर पसरलेली असते.

दुसऱ्याने विचारलं, जोड पक्का होणं आणि शिकणं या दोन गोष्टी एकच आहेत हे कशावरून? चांगला प्रश्न. त्याला रिचर्ड मॉरिस यांचे उंदीर सांगितले, १९८६. गढूळ पाण्याच्या टाकीत पाण्याखाली लपलेला ओटा, उंदराने पोहत पोहत तो कुठे आहे ते शिकायचं. ज्यांच्या मेंदूत एनएमडीए रिसेप्टर बंद करणारं औषध सोडलं होतं त्यांना ती जागा शिकणं नीट जमलं नाही. आणि एरिक कॅन्डेल यांची समुद्री गोगलगाय, साधारण वीस हजार न्यूरॉनची, तिच्यात शिकताना ठराविक सिनॅप्स बदलताना मोजता आले, त्या कामासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

एक दोष दिसला. दोन मुलं दोन बाजूंनी दाबतात तेव्हा ४०० मिलिसेकंद पुरत नाहीत. ६०० केले.

३ जून

हिशोब. पहिली खरेदी १६४५, कंडेन्सर वगैरे ७०, स्क्रू-स्पेसर ८५, प्लाय आणि छपाई ५२०, एकूण २३२०. वेळ साधारण सहा आठवडे, रोज संध्याकाळी दोन तास, त्यातला निम्मा तरी वर लिहिलेल्या चुकांमध्ये. आता कोणी याच नोंदी घेऊन बसलं तर तीन-चार शनिवार-रविवारात व्हावं.

राहिलेलं काम, वासाच्या ओळीतला चौथा एलईडी धक्का लागला की विझतो, तो टाका पुन्हा मारायचाय. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात तेवढे दिवस हातात आहेत. फेब्रुवारीतलं पुठ्ठ्याचं मॉडेल आज उघडलं आणि त्यातला नॉब काढून सुट्या सामानाच्या डब्यात टाकला.